लसीची चिठ्ठी घरी आली, तर काय करायचं?

 

आज आपण एका चिठ्ठीबद्दल बोलणार आहोत. ही चिठ्ठी मुलीच्या दप्तरातून शाळेतून घरी येते. तुमच्या मुलीला एचपीव्हीची लस द्यायची आहे, पालकांची संमती हवी, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. खाली सहीची जागा असते. या चिठ्ठीचं पुढं काय होतं? काही घरांत न वाचताच सही होते, कारण गुरुजींनी मागितली आहे. काही घरांत चिठ्ठी फळीवर डब्याखाली राहते आणि शाळेत लस देण्याचा दिवस निघून जातो. आणि काही घरांत कुणीतरी सांगतं, ‘नको गं बाई, त्या लसीनं पुढं पोरंबाळं होत नाहीत,’ की चिठ्ठी फाटते.

या तिन्ही गोष्टी आपल्याला टाळायच्या आहेत. चिठ्ठी वाचायची किंवा कुणाकडून वाचून घ्यायची. मनातले प्रश्न विचारायचे. उत्तरं मिळाली की सही करायची. हे एवढं महत्त्वाचं का, तेच आज सांगते.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. त्या पिशवीला खालच्या बाजूला तोंड असतं. त्या तोंडाला होणारा कॅन्सर म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर. 2022 सालच्या अंदाजानुसार आपल्या देशात एका वर्षात जवळजवळ 1 लाख 27 हजार बायांना हा आजार झाला आणि सुमारे 80 हजार बाया त्यानं गेल्या. म्हणजे साधारण सात मिनिटांना एक बाई. यातल्या कितीतरी जणी चाळिशी-पन्नाशीच्या. लेकीचं लग्न व्हायचंय, मुलगा शिकतोय, कर्ज अर्धं फिटलंय, अशा वयाच्या.

हा कॅन्सर होतो कशानं? जवळजवळ प्रत्येक वेळी त्यामागं एक विषाणू असतो. त्याचं नाव एचपीव्ही. हे शोधून काढणारे जर्मन डॉक्टर हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळालं. या विषाणूचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यातले 16 आणि 18 क्रमांकाचे दोन प्रकार सगळ्यात वाईट. जगातल्या दर दहा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सातांना हे दोनच कारणीभूत असतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आता हे ऐकून कुणी मान खाली घालू नका. तो इतका सर्रास आहे, की संसारात पडलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. बाईनं एका नवऱ्याशिवाय कुणाकडं पाहिलं नसेल, तरी नवऱ्याकडून तो येऊ शकतो. त्यामुळं ज्या बाईला हा आजार झाला, तिच्या चारित्र्याकडं बोट दाखवणं हे अज्ञान आहे आणि अन्यायही आहे.

बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या मात्र तो मुक्कामाला राहतो. तिथल्या पेशी हळूहळू बिघडतात. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. म्हणजे आजार चाळिशीत दिसतो, पण त्याची सुरुवात फार आधी झालेली असते.

आता तुम्ही विचाराल, ‘मग अकरा-बारा वर्षांच्या पोरीला एवढ्या लवकर कशाला?’ पेरणीच्या आधी आपण बियाण्याला औषध चोळतो, बीजप्रक्रिया करतो. रोग उभ्या पिकात आल्यावर बियाण्याचं औषध काय कामाचं? तसंच हे आहे. लस विषाणूला आत शिरू देत नाही. पण एकदा तो शिरला, तर त्याला बाहेर काढत नाही. म्हणून ती लागण व्हायच्या कितीतरी आधी द्यायची असते. शिवाय 9 ते 14 या वयात शरीर लसीला फार चांगली साथ देतं. त्याच वयात जास्तीत जास्त मुली एका जागी कुठं सापडतात? शाळेत. म्हणून लस शाळेत.

काही बाया हळूच विचारतात, ‘अशी लस दिली तर पोरी बिघडणार नाहीत ना?’ मला सांगा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी मुद्दाम खिळ्यावर पाय देतं का? मुलीला घरातून मिळणारं वळण वेगळं आणि आजारापासून मिळणारं संरक्षण वेगळं. एकामुळं दुसरं कमी होत नाही.

आता एक जुनी गोष्ट. ती मी लपवणार नाही, कारण लसीबद्दल गावागावांत जी भीती आहे, तिचं एक मूळ तिथं आहे. 2009 साली आंध्र प्रदेशातला खम्मम जिल्हा आणि गुजरातेतला वडोदरा जिल्हा इथं हजारो शाळकरी मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. पुढं बातमी आली, की त्यांतल्या सात मुली दगावल्या. केवढा गदारोळ झाला! चौकशी झाली. कुणी पाण्यात बुडून, कुणी साप चावून, कुणी कीटकनाशक पोटात गेल्यामुळं, कुणी मलेरियानं गेली होती. हे मृत्यू लसीमुळं झाले नव्हते, असं चौकशीत आढळलं.

पण त्याच चौकशीत दुसरीही गोष्ट बाहेर आली. संमतीचे कागद नीट भरलेले नव्हते. आदिवासी मुलींच्या वसतिगृहांत कितीतरी अर्जांवर आई-बापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. लस कशाची, ती का देतात, हे पालकांना धड सांगितलेलं नव्हतं. 2013 साली संसदेच्या समितीनं यावर कडक ताशेरे ओढले. मैत्रिणींनो, हे बरोबरच झालं. गरिबाच्या मुलीला विचारायची गरज नाही, असं कुणालाही वाटता कामा नये. म्हणून सहीच्या त्या रिकाम्या जागेला मोल आहे. ती आपली जागा आहे.

त्याच काळात एक वेगळा, शास्त्रीय अभ्यास चालू होता आणि त्याचा आपल्या पुण्याशी संबंध आहे. 2009 साली देशात नऊ ठिकाणी 10 ते 18 वर्षांच्या मुलींना ही लस देऊन अभ्यास सुरू झाला होता. त्यात पुण्याचं जहांगीर क्लिनिकल डेव्हलपमेंट सेंटर होतं आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलही होतं. दोन डोस पुरतात की तीनच लागतात, हे त्यांना पाहायचं होतं. पण खम्ममच्या प्रकरणानंतर एप्रिल 2010 मध्ये सरकारनं लस देण्याचं सगळं काम थांबवलं. तोवर 17,729 मुलींना लस टोचली होती. कुणाचे तीन डोस झाले होते, कुणाचे दोन आणि जवळजवळ 5 हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. त्यांचं राहिलेलं लसीकरण अर्धवटच राहिलं.

अभ्यास करणाऱ्यांनी मात्र या मुलींना सोडलं नाही. वर्षामागून वर्ष त्यांची विचारपूस केली, तपासण्या केल्या. त्या मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, मुलं झाली. दहा वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा एक आश्चर्याची गोष्ट दिसली. ज्यांना एकच डोस मिळाला होता, त्यांनाही 16 आणि 18 क्रमांकाच्या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून सुमारे 95 टक्के संरक्षण मिळालं होतं. दोन आणि तीन डोसवाल्या मुलींइतकंच! हा निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाला. इतर देशांतूनही असेच पुरावे आले आणि डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की 9 ते 20 वर्षांच्या मुलींना एक डोस दिला तरी चालेल.

एका डोसचा अर्थ काय होतो, ते आपल्याला चांगलं कळतं. दुसऱ्या डोसच्या वेळी मुलगी ऊसतोडीला गेली, मामाकडं राहायला गेली, शाळाच सुटली, असं आपल्याकडं होतंच. एकाच डोसमध्ये काम झालं, तर अशी मुलगी सुटत नाही. पैसेही निम्मे लागतात. पुणे, बार्शी आणि इतर ठिकाणच्या त्या मुलींमुळं आज जगभरातल्या गरीब घरांतल्या मुलींची सोय झाली आहे.

पुण्याचं आणखी एक नातं आहे. आपल्या देशात तयार झालेली पहिली एचपीव्ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवली. तिचं नाव सर्वाव्हॅक. तिला 2022 साली मंजुरी मिळाली. 2023 मध्ये ती बाजारात आली, तेव्हा खासगी दवाखान्यात एका डोसची किंमत सुमारे 2,000 रुपये होती. परदेशी लसीपेक्षा ती स्वस्त. पण खुरपणीच्या मजुरीत मोजली, तर घरात दोन मुली असलेल्या बाईला ती परवडत नाही. म्हणूनच ही लस सरकारनं मोफत द्यावी, ही मागणी आपल्या सगळ्यांची असायला हवी. फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारनं 9 ते 14 वर्षांच्या मुलींना ही लस देण्यास प्रोत्साहन देऊ, असं जाहीर केलं होतं. आपल्या गावात कोणत्या वयाला, कधी, कुठं मिळेल, हे आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना विचारत राहा. ग्रामसभेतही विचारा.

इथं एक बारकावा लक्षात ठेवा. दहा वर्षांचा तो अभ्यास परदेशी लसीचा होता. सर्वाव्हॅक आली, तेव्हा 9 ते 14 वयाला सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस आणि पंधरा वर्षांच्या पुढं तीन डोस, असं ठरवून दिलेलं होतं. म्हणून डॉक्टरांनी दोन डोस सांगितले, तर ‘रेडिओवर एकच सांगितला होता’ म्हणून भांडू नका. लस कोणती आणि डोस किती, हे तिथंच विचारून घ्या.

हे आपल्याकडं जमेल का, असं कुणाला वाटेल. सिक्कीम हे डोंगराळ, छोटं राज्य. 2018 साली तिथं शाळाशाळांतून सुमारे 25 हजार मुलींसाठी ही मोहीम झाली. आधी शिक्षकांना समजावलं, पालकांच्या सभा घेतल्या. 100 पैकी 97 मुलींनी पहिला डोस घेतला. आफ्रिकेतल्या रवांडा या गरीब देशानं 2011 मध्ये शाळांतून लस सुरू केली आणि पहिल्याच वर्षी दहातल्या नऊहून जास्त मुलींपर्यंत ते पोहोचले. शाळेत न येणाऱ्या मुलींना त्यांनी शोधून काढलं. आणि याचा परिणाम? स्कॉटलंडमध्ये 2008 पासून शाळांत लस देतात. 2024 च्या सुरुवातीला तिथला अभ्यास आला. ज्या मुलींनी बारा-तेरा वर्षांच्या असताना लस घेतली होती, त्यांच्यात हा कॅन्सर एकीलाही सापडला नाही.

आता चिठ्ठी हातात आली, की काय विचारायचं, ते सांगते. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

एक, लस कोणती, डोस किती, पुढचा असेल तर कधी?

दोन, पैसे लागणार आहेत का?

तीन, इंजेक्शन कोण देणार आणि त्यानंतर अर्धा तास मुलींजवळ कोण थांबणार?

चार, मुलीला काही आजार असेल किंवा आधी एखाद्या इंजेक्शननं अंगावर पित्त उठलं, श्वास लागला असेल, तर ते कुणाला सांगायचं?

पाच, घरी आल्यावर त्रास झाला, तर फोन कुणाला करायचा?

ही उत्तरं देणं शाळेचं आणि आरोग्य खात्याचं काम आहे. विचारायला लाजू नका. पालकसभेत चार जणी मिळून विचारा. आणि उत्तरं मिळूनही एखादीला नकोच वाटलं, तर नाही म्हणण्याचा तिला हक्क आहे. सही केली नाही म्हणून मुलीला शाळेत कुणी बोलता कामा नये.

लसीच्या दिवशी मुलीला उपाशी पाठवू नका. भाकरी खाऊन, पाणी पिऊन जाऊ द्या. पाळी चालू असली तरी लस घेता येते. भारी ताप असेल, तर थोडं थांबायचं. इंजेक्शन दंडावर देतात. दंड दुखतो, थोडा सुजतो, कुणाला कणकण येते, डोकं दुखतं. दोन दिवसांत ते जातं. या वयातल्या काही मुलींना सुईच्या भीतीनं चक्कर येते. एकीला आली, की पाहून दुसरीलाही येते. म्हणून लस बसवून द्यायची आणि नंतर थोडा वेळ बसू द्यायचं. लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळं लसीनंच आजार होईल, ही भीती नको. मूल होण्याशी तिचा काही संबंध नाही. लसीचं कार्ड मिळेल, ते आधार कार्डासोबत जपून ठेवा.

आता आपल्या बचत गटांसाठी एक काम सांगते. शाळेत लस दिली, की शाळेत असलेल्या मुलींना मिळते. पण जी शाळेत नाही, तिचं काय? जी आई-बापांबरोबर कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेली, वीटभट्टीवर गेली, धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली, ती? महाराष्ट्रात 20 ते 24 वर्षांच्या दर शंभर बायांमध्ये जवळजवळ 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, असं 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. ज्या मुलींची शाळा लवकर सुटते, त्यांचीच लग्नं लवकर होतात. म्हणजे ज्यांना या लसीची गरज सगळ्यात जास्त, त्याच शाळेच्या हजेरीपटावर नसतात. गावातली प्रत्येक मुलगी आपल्याला माहीत असते. गटाच्या पुढच्या बैठकीत 9 ते 14 वयाच्या, शाळेत न जाणाऱ्या मुलींची यादी करा आणि आशाताईंच्या हातात द्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींना दिवाळीच्या आधी लस मिळेल का, ते विचारा. हे काम गटातल्या बाया जेवढ्या चांगल्या करतील, तेवढं दुसरं कुणी करू शकणार नाही.

शेवटी आपल्या स्वतःबद्दल. मुलीला लस मिळेल, पण आपलं काय? आपल्याला तपासणी आहे. धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, इथल्या 497 गावांतल्या 1 लाख 31 हजारांवर बायांनी एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं तो केला. 2009 साली निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी केली, तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी झाले. आपल्या सरकारी दवाखान्यांत तीस वर्षांच्या पुढच्या बायांसाठी एक साधी तपासणी आहे. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं औषध लावून पाहतात. पाच मिनिटांचं काम. दर पाच वर्षांनी ती करून घ्यायची. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काही असेल तर पाच वर्षांची वाट पाहू नका. लगेच जा. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण लस सगळ्याच प्रकारांना अडवत नाही.

आणि कुणी तपासणी न करताच म्हणालं, ‘अंगावरून पांढरं जातंय, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल,’ तर तिथून उठून या. बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. कितीतरी जणींना कॅन्सरचीच भीती घातली गेली होती. पांढरं जाण्याला साधं औषध असतं. भीतीवर उपाय ऑपरेशन नव्हे. आधी तपासणी करायची, गरज वाटली तर दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं आणि मग ठरवायचं.

तर मैत्रिणींनो, मुलीच्या दप्तरातून चिठ्ठी आली, की तिलाही शेजारी बसवा. इंजेक्शन तिच्या दंडाला टोचणार आहे. ते कशासाठी, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या. मग विचारा, समजून घ्या आणि तुमच्या हातानं सही करा. आणि ज्या दिवशी लेक लस घेईल, त्याच आठवड्यात तुम्ही तुमची तपासणी करून या.